सहावी माळ

तिथे आता उजेड फार आहे.

खांबांवरून रात्रभर कोसळणारा, पांढरा, सपाट उजेड. मला ठाऊक होता तो उजेड वेगळा. तो पानापानांवर अडत, रेंगाळत, थेंबाथेंबानं खाली यायचा आणि जमिनीला पोहोचेपर्यंत हिरवा होऊन जायचा. हा नवा उजेड कुठेच अडत नाही.

अडवायला तू नाहीस.

तू म्हणजे सगळं आरे नव्हे. बाकीचं रान अजून आहे. गोठे आहेत, गवताचे माळ आहेत, 27 पाडे आहेत, रात्री रस्ता ओलांडणारा बिबट्या आहे. रिक्षा लिंक रोड सोडून आत वळली की अजूनही अंगावरून गारवा सरकतो आणि बोलत असलेलं माणूस क्षणभर गप्प होतं. तू म्हणजे मिठी नदीच्या काठचा तो तेवढा तुकडा. सुमारे 33 हेक्टर म्हणतात. नकाशावर तो लहानच दिसतो.

तुला वेगळं नाव नव्हतं. म्हणून नुसतं राना म्हणते. ओ येणार नाही, हे धरूनच.

4 ऑक्टोबर 2019. शुक्रवार. नवरात्रातली सहावी माळ.

त्या दिवशीचा रंग हिरवा होता. सकाळी अंधेरीच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, काय हिरवळ दाटली होती! पोपटी, शेवाळी, मेंदीच्या पानाचा, ओल्या गवताचा. जरीच्या काठाच्या साड्या, काचेच्या बांगड्या, दाराशी उभ्या असलेल्या पोरींच्या वाऱ्यावर सुटलेल्या ओढण्या. अनोळखी बायका एकमेकींना बिलगून फोटो काढत होत्या. इतका हिरवा रंग एका जागी मी त्यानंतर पाहिलेला नाही.

मग रात्र झाली, मंडपातली आरती आटोपली, गरब्याचे भोंगे एकामागून एक बंद झाले, षष्ठीचा अर्धा चंद्र पश्चिमेला कलला, आणि ज्या वेळी तुझ्यात फक्त रातकिडे बोलतात त्या वेळी यंत्रांच्या करवती बोलू लागल्या, आणि या फोनवरून त्या फोनवर बातमी धावत सुटली, आणि गोरेगावातून, मरोळमधून, पवईतून पोरंपोरी घरातल्या कपड्यांतच निघाली, हातातल्या मोबाइलच्या इवल्याशा उजेडात तुला शोधत, तुझ्या खोडांना मिठी मारायला धावत, अडवली जात, ओढली जात, रडत, ओरडत, आणि त्या सगळ्या आवाजांच्या खालून तो एक आवाज, एकसुरी, न दमणारा, चालूच राहिला, आणि मधूनच तो थांबायचा, आणि थांबला की कळायचं, आता एक जण पडणार.

आधी एक कण्हणं.

मग पानांचा लोट.

मग अंधारात भलत्याच वेळी उठलेले पक्षी.

मी गच्चीत होते. गच्चीतून जेवढं ऐकू येतं तेवढं ऐकलं. बाकीचं लोकांनी नंतर सांगितलं, आणि काही जणांनी सांगायचं टाळलं.

शनिवारचा रंग राखाडी होता. ते कुणी ठरवलं नव्हतं. वारांचे रंग आधीच पेपरात छापून येतात. पण डब्यात बायका राखाडी नेसून बसल्या होत्या, खिडकीबाहेर पाहत होत्या, आणि मला त्या सगळ्या तुझ्या नात्यातल्या वाटल्या. सुतकात आलेल्या.

मेट्रोच्या कारशेडसाठी 2,141 झाडं. 29 माणसांना अटक. सोमवारी, खंडेनवमीला, सर्वोच्च न्यायालयानं यापुढे झाड तोडू नका म्हणून सांगितलं. त्याच दिवशी घराघरांत, कारखान्यांत हत्यारांची पूजा मांडलेली. कोयते, कात्र्या, पान्हे, करवती, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं, सगळ्या झेंडूच्या फुलांखाली निजल्या होत्या. हत्यारं थांबली. तोवर तू संपलं होतंस.

मंगळवारी दसरा. शेजारची मुलं दारात आली. सोनं घ्या काकू, सोन्यासारख्या राहा. मी हात पुढे केला. तळहातावर आपट्याचं एक पान आलं, जुळ्या पाळ्यांचं, कोवळं, जवळजवळ वजन नसलेलं.

हात खाली गेला.

कारणं मी ऐकली, राना. दोन्हीकडची. ती आपापल्या जागी असोत. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. घरातली माणसं तो एकदाच वाचतात. पुन्हा पुन्हा वाचतात ते नाव.

मला छळतं ते तुझं नसणं, आणि तेही मोठ्या गोष्टींतून नाही.

पाऊस पूर्वी आधी तुझ्याकडे वाजायचा. तुझ्या लाखो पानांवर तो धावत येताना ऐकू यायचा, आणि तो आमच्या गच्चीपर्यंत पोहोचायच्या आत दोरीवरचे कपडे ओढून घ्यायला पुरेसा वेळ मिळायचा. तेवढा वेळ तू दिलेला असायचा. आता पाऊस न सांगता येतो. एकदम अंगावर. भिजलेले कपडे पिळताना मी तुझ्या दिशेला पाहते. तिथे पत्र्यांची लांबलचक छपरं आहेत. त्यांच्यावरही पाऊस वाजतो. पण तो आला असं सांगत नाही, तो कुठेतरी कोसळतो आहे एवढंच सांगतो.

संध्याकाळ आता एका टप्प्यात होते. पूर्वी ती आधी तुझ्या बुंध्यांपाशी व्हायची, मग फांद्यांत चढायची, आणि शेंड्यांवर बराच वेळ ऊन शिल्लक असायचं. खाली रात्र, वर दिवस. मधे तू.

आणि तूसुद्धा कधीतरी नवंच होतंस ना? 1949 मध्ये शहरातले गोठे इकडे हलवले, दूध वसाहत झाली, 4 मार्च 1951 ला नेहरूंनी इथे रोप लावलं. रस्त्यांच्या कडांनी विलायती शिरीष आले, गुलमोहर आले. जे लावलं त्याच्यात मिसळून न लावलेलंही वाढलं, आणि काही दशकांत तू असं दाटलंस की जणू मुंबईच्या आधीपासून उभं आहेस. पाडे मात्र खरंच आधीपासूनचे. त्यांनी म्हशी आलेल्या पाहिल्या. 1977 मध्ये चित्रनगरी आलेली पाहिली, आणि तिचे खोटे राजवाडे, खोटी देवळं. मग तुझी पोकळी पाहिली. प्रजापूर पाड्यातली काही घरं तर उठून इमारतीत गेली. वारल्यांच्या देवांत एक हिरवा देव आहे, एक वाघदेव आहे. इमारतीच्या कितव्या मजल्यावर ते राहत असतील?

लोक म्हणतात, पाड्यातल्या माणसांनी सगळं किती शांतपणे पचवलं. मला ते ऐकवत नाही. ज्याच्यापुढे दुसरं काही ठेवलंच नव्हतं, त्याच्या गप्प राहण्याला शांतपणा म्हणू नये.

मग पाच वर्षं गेली.

वार आणि तारखा फिरून तिथेच आल्या. 2024. 4 ऑक्टोबरला शुक्रवार, हिरवा. 5 ऑक्टोबरला शनिवार, राखाडी. पुन्हा नवरात्र, तिसरी माळ. त्या शनिवारी भुयारी मेट्रोचं उद्घाटन झालं. आरेपासून बीकेसीपर्यंतचा पहिला टप्पा. तिचा पूर्ण मार्ग 27 स्थानकांचा, त्यातली 26 जमिनीखाली. एकटं आरे जमिनीवर. सगळ्या वाटेत उजेड बघायला मिळतो तो तुझ्याच अंगणात.

जिथे संध्याकाळी गोठ्यांकडे म्हशी वळायच्या, तिथे रात्री गाड्या वळतात. धुतल्या जातात. तपासल्या जातात. पहाटे बाहेर पडतात.

मला वाटलं होतं, मी कधी त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. असं वाटण्यातसुद्धा एक आधार होता. तुझ्यासाठी मी काहीतरी राखून ठेवलं आहे, निदान एक नकार, असं वाटायचं. आणि मला असंही वाटायचं की मन एक दिवस आपोआप निवेल, मग पाय वळतील. तसं झालं नाही. पाय आधी वळले. मन अजून गच्चीतच आहे.

पाय वळले ते आईमुळे.

बाबा गेल्यावर तिनं संगमेश्वरकडचं घर बंद केलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. कुलूप तिनं स्वतः लावलं. ओढून पाहिलं. पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग अंगणाकडे पाठ करून गाडीत बसली ती थेट घाट लागेपर्यंत बोलली नाही. किल्ली अजून तिच्या पिशवीत असते, रुमालात गुंडाळलेली. त्या घरासाठी मी तिला रडताना पाहिलेलं नाही. फक्त दिवेलागणीला, हातातलं काम बाजूला ठेवून ती म्हणते, "आता तिथं तुळशीपुढं काळोख असंल." हे ती कुणाला सांगत नाही. म्हणते, आणि इथला दिवा लावते.

रोज. दोन्ही गोष्टी, एकामागून एक. काळोखाचं नाव घेणं आणि दिवा लावणं.

राना, मी तिच्याकडे बघत बसते. एवढं मोठं घर तिनं आत कुठे ठेवलं असेल? माजघर, पडवी, विहिरीवरचा रहाट, फणसाखालची ओल, बाबांची आरामखुर्ची, हे सगळं या दोन खोल्यांत तिनं आणलं नाही, आणि सोडलंही नाही. तिला कुणी समजावलं नाही, की काळ बदलतो, की माणसानं पुढे जायचं असतं. समजावलं असतं तर ती मान हलवून भाजी निवडायला लागली असती.

तिच्या गुडघ्यांनी आता स्टेशनचे पूल चढवत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वांद्र्याला जायचं होतं. मी तिला तुझ्या जागेवरून घेऊन गेले. लिफ्ट होती, सरकता जिना होता, स्वच्छ लखलखीत फलाट होता, थंडगार डबा होता. ती खिडकीशी बसली, गुडघ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं गो. जिने नाहीत."

बरं झालं.

हे शब्द तुझ्या जमिनीवर बसून बोलले गेले, आणि ते खरे होते. तिचे गुडघे खोटं बोलत नाहीत. त्या रात्रीची करवतही खोटी नव्हती, पडण्याआधीचं ते कण्हणंही नाही, आणि हा थंड वारा, ही मऊ चालणारी गाडी, आईच्या कपाळावरची सैल झालेली आठी, हेही खोटं नाही, आणि यातलं एक खोडून दुसरं लिहायला मला पाटी सापडत नाही, म्हणून मी दोन्ही मांडीवर घेऊन बसते, एकीकडे तू, एकीकडे ती, आणि गाडी हलते, आणि तुझी जागा खिडकीतून मागे सरकू लागते, ती छपरं, ते खांब, ते रूळ, आणि त्यांच्या पलीकडे, कुंपणाबाहेर, जे उरलं आहे ते गर्द, अबोल हिरवं.

आता आम्ही या गाडीनं जातोच. डॉक्टरांकडे, कधी नातेवाइकांकडे.

अशाच एका फेरीत आईनं खिडकीबाहेर पाहत विचारलं, "हितं आदी काय होतं?" जिनं आपल्या हातानं घराला कुलूप लावलं आहे, तिलाच सुचावा असा प्रश्न. इतक्या दिवसांत डब्यात दुसऱ्या कुणाला तो विचारताना मी ऐकलेलं नाही.

"झाडं होती," मी म्हटलं.

"कसली?"

मी सांगू लागले. शिरीष. गुलमोहर. करंज. सुबाभूळ. आरेतली मला ठाऊक असलेली नावं. गाडी उताराला लागली, काचेबाहेरचा उजेड गेला, बोगद्याचा घों घों आवाज भरून आला, वरून सीप्झ स्थानकाची घोषणा सुरू झाली. आईनं कानामागे हात धरला.

"ऐकू नाय येत गो. मोठ्यानं सांग."

समोरच्या बाकावरच्या पोरांनी कानांतले हेडफोन काढले, दाराशी उभ्या असलेल्या बाईनं वळून पाहिलं, आणि मी भर डब्यात, घोषणेच्याही वरच्या आवाजात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: शिरीष. गुलमोहर. करंज. सुबाभूळ. पांगारा. जांभूळ. उंबर.