बिडाचा तवा

आम्हा गोमंतकीयांना नुस्ते नसेल तर घास घशाखाली उतरत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण नुस्ते कुठून आणले, कितीला मिळाले यावर आपण जितके बोलतो, तितके ते कशावर तळले यावर बोलत नाही. माझे विचाराल तर विसवण असो की चोणक, तुकडी तळावी ती बिडाच्या तव्यावरच.

बीड सावकाश तापते, पण तापले की उष्णता धरून ठेवते. पातळ पत्र्याचा तवा गार तुकडी पडताच थंडावतो, मासळीला पाणी सुटते आणि ती तळण्याऐवजी उकडते. म्हणून बिडाचा तवा आधी मंद आचेवर सात-आठ मिनिटे तापू द्यावा. तुकड्यांना मीठ, हळद, तिखट आणि सोलांचे आगळ लावून अर्धा तास ठेवावे, सुटलेले पाणी निथळावे, रव्यात घोळवून तेलावर सोडाव्यात आणि मग... स्वस्थ उभे राहावे! कच्ची तुकडी तव्याला धरून बसते. खालची बाजू सुकून खरपूस झाली की आपणहून सुटते. आधीच उलथने घातले तर पापुद्रा तव्यावर राहतो आणि ताटात येतो तो चुरा. आमच्या खात्यातल्या फाइलीही अशाच, वेळ झाल्याशिवाय हलत नाहीत. फरक एवढाच की तुकडी तीन-चार मिनिटांत हलते!

आईकडे असे दोन तवे होते. एक शिवराक, पोळ्यांसाठी, दुसरा नुस्त्याचा. सोमवारी दुसऱ्याला सुट्टी. काम झाले की ती तवा पुसून घेई, चुलीवर सुकवी आणि बोटभर तेल चोळून ठेवी. त्यावरची काळी चकाकी म्हणजे काजळी नव्हे. तापून घट्ट झालेल्या तेलाचे ते थर. तुकडी सुटते ती त्यांच्यामुळे. आंबटाने ते थर उतरतात, म्हणून त्यात हुमण कधी शिजले नाही. तापल्या तव्यावर गार पाणीही कधी पडले नाही, कारण त्याने बीड तडकते.

2016 साली आई गेली. भांडी वाटताना तांब्यापितळेवर सगळ्यांची नजर होती. नुस्त्याचा तवा कोणी मागितला नाही, तो मी उचलून आणला.

आता पुण्याला नोकरी करणारी मुलगी विचारते, "बाबा, तो तवा मी नेऊ?" तिच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे, त्यावरही बीड चालते. म्हणजे नाही म्हणायला कारण उरले नाही. "नवा घेऊन देतो," म्हटले तर म्हणाली, "नवा तयार व्हायला किती वर्षं लागतील, बाबा?"

बरोबर आहे तिचे. ती चवथीला येईल, जाताना आजीचा तवा घेऊन जाईल. मी म्हापशाच्या बाजारातून नवा आणला आहे. रोज रात्री तेल चोळून तापवतो. अजून तुकडी धरून ठेवतो लेकाचा!