खोट्या जखमांची पेटी

आजचा धागा लढाईचा नाही, किल्ल्याचाही नाही. एका पेटीचा आहे, आणि थोडा माझ्या मानेचा.

गेल्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो होतो. ३१ तारखेला तिथे हॅलोविन असतो. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या स्थलांतरितांनी अमेरिकेत नेलेला हा सण; मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. अकरा वर्षांच्या भाच्याने त्यासाठी रंगभूषेचे सामान मागवले होते. ते टेबलावर मांडून तो म्हणाला, "मामा, मला भाजलेला माणूस व्हायचंय. तुझ्या मानेसारखं करता येईल?"

बहीण ताटे उचलता उचलता थबकली. मी सहा वर्षांचा असताना घरातल्या रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडाला होता. उजव्या कानाखालपासून खांद्यापर्यंतची कातडी तेव्हापासून चुरगळलेली आहे.

मी उत्तर दिले नाही. सामान चाळू लागलो. इतिहासाचे वेड असलेल्या माणसाला अवघड प्रश्न टाळायला वस्तू बऱ्या सापडतात.

पहिली बाटली स्पिरिट गमची. राळ मद्यार्कात विरघळवून केलेला हा गोंद. हौशी नाटकात ज्याने एकदा तरी दाढी चिकटवली आहे, त्याला त्याचा वास सांगावा लागत नाही. शेजारी तेलकट रंगाच्या कांड्या. लुडविग लाइखनर या जर्मन गायकाने १८७३ मध्ये बर्लिनमध्ये असे रंग बनवण्याचा कारखाना काढला. त्याआधीच्या नटांच्या तोंडावर शिशाचे विषारी सफेदे असत, म्हणून या कांड्यांचे मोल.

तिसरी बाटली मात्र हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. कलोडियन. त्वचेवर लावले की वाळताना आकसते, कातडी आत ओढते आणि जुन्या व्रणासारखी खाच पडते. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने स्फोटक कापूस बनवला. तशाच नायट्रेट केलेल्या कापसाचे ईथर आणि मद्यार्कातले द्रावण म्हणजे कलोडियन. आधी ते शल्यचिकित्सकांनी खऱ्या जखमा झाकायला वापरले. मग १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ते काचेवर ओतून छायाचित्रे काढली. पुढे याच रसायनाच्या कुळातून चित्रपटाची फीत आली. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी जॅक पियर्सने बोरिस कार्लोफचे कपाळ कापूस आणि कलोडियनचे थर देऊन उभारले. रोज सुमारे चार तास लागत. म्हणजे त्या राक्षसाचे कपाळ आणि ते ज्या फितीवर टिपले गेले ती फीत, ही दोन्ही एकाच कापसाची लेकरे. मला हे फार आवडते.

आता पेटी. लॉन चेनी हा मूकपटांतला नट आपली रंगभूषा स्वतःच करी. १८८३ चा जन्म. आईवडील दोघेही मूकबधिर, त्यामुळे चेहऱ्याने आणि हातांनी बोलणे हा त्याचा घरचाच संस्कार. त्याची पेटी आज लॉस एंजलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आहे. डायनोसॉरच्या हाडांचे हे संग्रहालय. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२९ च्या आवृत्तीतली रंगभूषेवरची नोंदही चेनीचीच. १९२५ च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'मध्ये नायिका मागून येऊन त्याचा मुखवटा खेचते आणि खालची कवटी दिसते. भयपटांच्या इतिहासात हा क्षण सर्वांना ठाऊक आहे.

पण वर्ष पाहा. महायुद्ध संपून सात वर्षेच झाली होती. खंदकात डोके वर काढणाऱ्याच्या चेहऱ्यालाच गोळी लागे. जबडा, नाक, डोळा गमावलेले हजारो तरुण घरी परतले होते. इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात हॅरोल्ड गिलीज त्यांचे चेहरे पुन्हा रचत होता. त्या गावात काही बाकांना निळा रंग दिलेला असे: इथे बसलेल्या माणसाकडे पाहून दचकाल, तेव्हा आधीच सावध व्हा, अशी ती खूण. पडद्यावरचा मुखवटा ओढला गेला तेव्हा प्रेक्षागृहात खरा मुखवटा घातलेला कुणी बसला असेल का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

कारण असे मुखवटे होते. ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी रेड क्रॉसच्या आधाराने पॅरिसमध्ये त्यासाठी कार्यशाळा चालवली. जखम भरली की चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, युद्धाआधीचे छायाचित्र समोर ठेवून उरलेला चेहरा घडवायचा, त्यावरून तांब्याचा पातळ पत्रा तयार करायचा. रंग मात्र तो मुखवटा त्या माणसाने घातलेला असतानाच द्यायचा, त्याच्या कातडीशेजारी कातडी जुळवत. दाढी केलेल्या गालावरची निळसर झाक धरून. मुखवटा चष्म्याच्या काड्यांनी कानावर अडकवत.

ही ये-जा उलटीही झाली. जॉन चेंबर्स हा दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव बनवी. तोच हात पुढे १९६८ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मधल्या वानरांच्या चेहऱ्यांमागे आला, आणि त्याला मानद ऑस्कर मिळाले.

"मामा, ऐकतोयस ना?" भाचा.

"लॅटेक्स हाताला लावून पाहिलंस का? कालच लावून बघायला हवं होतं." मी विषय बदलला. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, कित्येकांना त्याची ॲलर्जी असते. भुवयांना व्हॅसलीन न लावता वापरले तर केस मुळासकट निघतात. रंगाला हसू नये. 'द विझार्ड ऑफ ऑझ'च्या वेळी टिनच्या माणसाची भूमिका बडी एब्सेनकडे होती. ॲल्युमिनियमची भुकटी फुप्फुसांत जाऊन तो रुग्णालयात पोहोचला आणि भूमिका दुसऱ्याकडे गेली. त्याच चित्रपटात चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन डिसेंबर १९३८ मध्ये चित्रीकरणात खरोखर भाजली. तिच्या हिरव्या रंगात तांबे होते. ते जखमेत उतरू नये म्हणून भाजलेल्या चेहऱ्यावरून मद्यार्काने रंग पुसावा लागला. हे वाचताना माझा हात आपोआप मानेकडे जातो.

भाच्याने आदल्या दिवशीच मनगटाला लॅटेक्स लावून पाहिले होते. मला बोलायला काही उरले नाही. मी शर्टाची दोन बटणे काढली आणि दिव्याखाली बसलो.

पद्धत जुनीच, पियर्सचीच: कलोडियनऐवजी लॅटेक्स, कापसाऐवजी टिश्यू पेपर. एक थर, वाळवण, दुसरा थर, मग चिमटीने सुरकुत्या. रंगाची वेळ आली तेव्हा डब्यावरच्या चित्राप्रमाणे त्याने लाल रंग काढला, माझ्याकडे पाहिले, आणि थांबला.

"मामा, हे लाल नाहीचे. गुलाबी आहे, मध्ये पांढरं. आणि चमकतंय."

तीस वर्षांत लोकांनी माझ्या मानेकडे पाहिले आहे ते चोरून, आणि लगेच नजर वळवून. हा मुलगा वीस मिनिटे, नाक जवळजवळ टेकवून, एकेक सुरकुती मोजत होता. चमक कशी आणावी ते त्यालाच सुचले. शेवटी व्हॅसलीनचे बोट फिरवले. लॅडबाई त्या सैनिकांसमोर अशाच बसत असतील, असे वाटून गेले. त्या जखम झाकायला बसत, हा ती मिळवायला. पण रंग जुळवायला दोघांनाही डोळा रोखून पाहावेच लागते.

रात्री पिशवीभर चॉकलेटे घेऊन तो परतला. रिमूव्हर अपुरा पडला (गोंदाच्या दुप्पट घ्या, हे लिहून ठेवा), मग खोबरेल तेलाने काम भागवले. अर्ध्या तासात त्याची मान कोरी झाली. चार वर्षांची भाची हे सगळे शेजारी उभी राहून पाहत होती. तिने तेलाचा कापूस उचलला आणि माझ्याकडे आली.

"आता तुझं काढूया."

मी मान खाली केली. तिने बराच वेळ पुसले.