एक तोळा तांबे

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सोनाराच्या दुकानात शिरून काहीही न घेता बाहेर पडणारा गृहस्थ आमच्या गावात बहुधा मी एकटाच असेन. २०२४ सालच्या धनत्रयोदशीला मी तेवढेच केले. गर्दीतून वाट काढीत पुढे गेलो आणि पेढीवरच्या काकांना म्हणालो, "जरा तोळ्याचे वजन हातावर ठेवता का?"

"दहा ग्रॅमचा तोळा की जुना?"

"जुना."

त्यांनी पेटीच्या तळातून एक पितळी वजन शोधून माझ्या तळहातावर ठेवले. जुना तोळा म्हणजे बारा मासे; आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. मी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींना वाटले, आज काहीतरी घडणार! मी वजन परत केले, आभार मानले आणि बाहेर पडलो. घरापर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या वागण्याचा खुलासा येथे करावा म्हणतो. निदान पुढची दिवाळी तरी गोड जावी.

माझी धाकटी बहीण स्वीडनमध्ये, स्मोलंड नावाच्या जंगलाळ मुलखात राहते. तिचे यजमान तिकडे एका कारखान्यात इंजिनियर आहेत. त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात एकच विषय चालू होता : मूस मारायला कोणते काडतूस घ्यावे?

ही मूस सोनाराची नव्हे. हरणाच्या कुळातले सर्वांत थोरले जनावर ते. आपल्या सांबराचे दूरचे चुलते म्हणा. खांद्याशी माणसाहून उंच, लांबलचक काटकुळे पाय, लोंबता ओठ आणि नराच्या डोक्यावर पसरट फावड्यांसारखी शिंगे. मोठ्या नराचे वजन चारशे किलोच्याही वर जाते. पाइनची कोवळी रोपे तो खातो, रात्री रस्त्यात उभा राहून मोटारींचा चुराडा करतो. किती मारायचे याचा हिशेब तिथले सरकार ठेवते आणि शरद ऋतूत गावोगावची मंडळी एकत्र जमून शिकार करतात. मांस वाटून घेतात. परीक्षा दिल्याखेरीज बंदुकीचा परवाना मिळत नाही. आमचे मेहुणे ती परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि गावकऱ्यांनी त्यांना आपल्या मंडळात बोलावले होते. परक्या गावात असे बोलावणे येणे म्हणजे पंक्तीत पान मांडले जाण्यासारखेच.

बहिणीने मात्र अट घातली होती. "मी शिजवीन. खाईनसुद्धा. पण जनावर तळमळता कामा नये. दादा, तुला आजोबांचे ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होते. सावंतवाडीकडच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी, शिकारबंदीचा १९७२ चा कायदा यायच्याही आधी, एका रात्री भातात सांबर शिरले. आजोबांनी नळीत जे होते ते झाडले. आणि नळीत होते पाखरांना मारायचे छर्रे! सांबर पळाले. चौथ्या दिवशी ते व्हाळाकाठी सापडले. जिवंत होते. आजोबा त्याविषयी कधी बोलले नाहीत. आजी बोलायची. "मारूचा असात तर एका बारात मार, नाय तर बंदूक खुंटयेक टांगून ठेव," असे तिने त्यांना त्या दिवशी सांगितले म्हणे. बंदूक खुंटीला गेली ती पुन्हा खाली उतरली नाही.

तेव्हा काडतुसाची निवड ही आमच्या घरात नुसती हौसेची गोष्ट नव्हती.

माझ्या कादंबऱ्यांतून आजवर तीन माणसे आणि एक वाघ गोळीने मेले आहेत. पण कोणत्या गोळीने, हे लिहिण्याची गरज मला कधी भासली नाही. 'धाडकन बार झाला' एवढ्यावर माझे भागले. इकडे मेहुण्यांनी टेबलावर तीन काडतुसे ओळीने उभी केली तेव्हा मला प्रथम कळले की, आपण ज्याला गोळी म्हणतो ते काडतूस. गोळी म्हणजे फक्त त्याचे टोक. पितळेचे नळकांडे, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. उडते ती तेवढी. बाकीचे सारे तिला ढकलण्यासाठी.

पहिले काडतूस साडेसहा मिलिमीटरचे. स्वीडन-नॉर्वेच्या सैन्यासाठी १८९४ साली ठरलेले. गोळी दहा ग्रॅमची, सडपातळ आणि लांब. दुसरे अमेरिकी सैन्याचे, १९०६ सालचे, म्हणून त्याचे नाव थर्टी-ऑट-सिक्स. तिसरे बर्लिनच्या ऑटो बॉक नावाच्या बंदूककाराने १९०५ साली काढलेले, नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरचे. गोळी साडेअठरा ग्रॅमची, बोटाच्या पेरासारखी जाड.

मेहुण्यांचा जीव या तिसऱ्यावर जडला होता. "दादा, एवढे मोठे जनावर! थोरलीच गोळी घ्यावी, म्हणजे संशयाला जागा नको."

मी मॅट्रिकच्या पलीकडे पदार्थविज्ञान शिकलेला नाही. पण तेवढ्यावरही हिशेब जमतो. गोळीचे वजन दुप्पट केले तर तिचा जोर दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. मधल्या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघाली तर सुमारे ३७०० ज्यूल. म्हणजे पन्नास किलोचे तांदळाचे पोते साडेसात मीटर उंच उचलण्याइतका जोर. मेहुण्यांच्या परीक्षेच्या पुस्तकात नियम असा होता : मूससाठी गोळी दहा ग्रॅमची किंवा अधिक असेल तर शंभर मीटरवर २००० ज्यूल पुरेत, नऊ ते दहाच्या दरम्यान असेल तर २७०० हवेत. तिन्ही काडतुसे या परीक्षेत पास होती. मग थोरल्याचा हट्ट कशाला?

हिशेब करता करता मी थबकलो. १८० ग्रेन! इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा १८० ग्रेनचाच ठरवला होता. म्हणजे ही गोळी बरोबर एक तोळ्याची. बहिणीला सांगितले तेव्हा ती हातातले भांडे ठेवून बाहेर आली आणि ते काडतूस उचलून बराच वेळ बघत राहिली.

थोरल्या गोळीचा निकाल शेजारच्या आजोबांनी लावला. सत्तरी उलटलेले, मितभाषी गृहस्थ. साडेसहा मिलिमीटरवर सारा जन्म काढलेले. त्यांनी आम्हाला सरावाच्या मैदानावर नेले. तिथे रुळांवरून एक चित्रातला मूस धावतो. ऐंशी मीटरवरून त्याच्यावर नेम धरायचा. मेहुण्यांनी नऊ-तीनचे चार बार काढले. पाचव्या वेळी आजोबांनी बंदूक स्वतः भरून त्यांच्या हाती दिली. मेहुण्यांनी चाप ओढला. बार झाला नाही, पण नळी मात्र वीतभर खाली गेली आणि मेहुण्यांचे डोळे गच्च मिटले! आजोबांनी आत काडतूस घातलेच नव्हते.

कोणी हसले नाही. आजोबा एवढेच म्हणाले, "मूसला तुमच्या काडतुसाचे नाव कळत नाही. गोळी कुठे लागली ते कळते." खांद्याला बसणाऱ्या धक्क्याला मन आधीच भिते आणि हात चुकतो. थोरली गोळी पोटात लागण्यापेक्षा धाकटी फुप्फुसात लागलेली बरी. आमच्या आजीचेच हे म्हणणे. फक्त स्वीडिश भाषेत.

थोरले काडतूस बाद झाले. आजोबांचे साडेसहा घ्यावे तर दुसरी अडचण निघाली. गोळी कशाची, हा प्रश्न काडतुसाइतकाच मोठा आहे. सैनिकी गोळी नुसती आरपार जाते, म्हणून शिकारीला तिची मनाईच. गोळी आत जाऊन फुलली पाहिजे. पण मऊ शिशाची गोळी फार लवकर फुलून फुटली तर वरवरची जखम करून थांबते. जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकी शिकाऱ्याला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९४६ साली हाच अनुभव आला. चिखल वाळून कवच झालेल्या मूसवर त्याच्या गोळ्या आत शिरेनात. घरी परतून त्याने मधोमध तांब्याची भिंत असलेली गोळी केली : पुढचा अर्धा फुलावा, मागचा अर्धा आत जात राहावा. पुढे शिसे आणि तांब्याचे वेष्टन एकजीव जोडलेल्या गोळ्या आल्या आणि निव्वळ तांब्याच्याही. तांब्याची गोळी फुलासारख्या पाकळ्या उघडते, पण तुटत नाही.

बहिणीच्या मांडीवर चार वर्षांची भाची बसली होती. शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरतात आणि लहान मुलांना ते सर्वांत वाईट. "शिसे नको," बहीण म्हणाली. विषय संपला. तांबे शिशाहून हलके; म्हणून साडेसहा मिलिमीटरची दहा ग्रॅमची गोळी तांब्यात करायची तर ती फारच लांब होते. थर्टी-ऑट-सिक्सला ती अडचण नाही. ठरले : थर्टी-ऑट-सिक्स, तांब्याची गोळी, १८० ग्रेन. एक तोळा तांबे.

उरलेली सुट्टी मेहुणे मैदानावर आणि मी रुळांवरचा मूस मोजीत काढली. त्या गोळीवर दुर्बीण बसवून घेतली, कारण गोळी बदलली की नेमही बदलतो. मी परत आलो तेव्हा दहांतले आठ बार जागी बसत होते. "दहा बसेपर्यंत जाणार नाही," ते म्हणाले.

त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला आला आणि तिकडची शिकार १४ तारखेच्या सोमवारी सुरू झाली. दसऱ्याला बहिणीने कुलपातली बंदूक बाहेर काढून तिला हळदकुंकू वाहिले. झेंडू मिळाला नाही. अंगणातली शेवंती वाहिली. आजोबांच्या बंदुकीची पूजा आजीने खुंटीवरच करायची ठेवली होती, ती मला आठवली.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी आला. मोठा नर साठ पावलांवर उभा राहिला होता, पण पाठमोरा. मेहुण्यांनी बंदूक खाली घेतली. मंडळातले कोणी बोल लावला नाही. उलट संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी आपल्या थर्मासमधली कॉफी त्यांना दिली.

शनिवारी रात्री पुन्हा फोन वाजला. मेहुणेच बोलत होते, हळू आवाजात. तरुण नर, आडवा, सत्तर मीटर. "दादा, बार झाला आणि तो तसाच उभा! मला वाटले, चुकलो. तो काही लागल्यासारखा वागतच नाही. मग चालू लागला. पंधरा-वीस पावले. मग पुढचे पाय मुडपून बसला, जसे आपले गुरू बसते तसा. मी मनात आकडे मोजत होतो. तीसपर्यंत गेलो होतो."

"आणि गोळी?"

"आरपार. कुठेतरी शेवाळात पडली असेल."

फोन बहिणीने घेतला. काही क्षण ती बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तीस आकडे फार होतात रे."

मला उत्तर सुचले नाही. चार दिवसांपुढे तीस आकडे थोडेच. पण मोजून पाहा म्हणजे कळते. मी त्या रात्री अंथरुणावर पडून मोजले. आणि दहा दिवसांनी, धनत्रयोदशीला, सोनाराच्या दुकानात तोळ्याचे वजन मुठीत धरून पुन्हा एकदा मोजले. तीस होईपर्यंत मूठ उघडली नाही.