तलावाच्या पाळीवरची कळलावी

बालमित्रांनो, नागपूरहून रायपूरकडे जाताना भंडारा मागे पडलं, लाखनी ओलांडली, की आमची साकोली येते. बहुतेक पाहुणे इथून नागझिऱ्याला वळतात, वाघ बघायला. मी मात्र तुम्हाला गावाबाहेरच्या एका तलावाच्या पाळीवर नेणार आहे. भादवा लागला असेल तर फारच छान!

आमचा मुलूख धानाचा. पावसाळ्यात बघाल तिकडे पाण्याने भरलेल्या बांध्या, मधून बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव. कोरडी, उघडी जागा उरते ती थोडीच: तलावाची पाळ, शेताचा धुरा, एखादं मुरमाड टेकाड. अशाच जागी, काटेरी झुडपाच्या आधाराने, एक वेल चढलेली दिसेल. तिला वेगळे ताणे नसतात. पानाचं टोकच लांब होऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि काटकीला विळखा घालतं. फूल तर असं, की पोरं बघतच राहतात! सहा नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळलेल्या; आधी हिरवट, मग पिवळ्या, मग लालभडक. पेटलेली चूलच जणू. म्हणून ती अग्निशिखा. कुठे तिला खड्यानाग म्हणतात, कुठे गौरीचे हात. आपली नेहमीची ओळख कळलावी. लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं, ग्लोरिओसा सुपर्बा.

आता नीट ऐका. ही वेल पूर्ण विषारी आहे, कंद तर सगळ्यात जास्त. श्रीलंकेत रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा चाखायचं नाही, तोडायचं नाही. चुकून हात लागलाच तर साबणाने धुवायचा. आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही!

वेल दिवाळीच्या सुमारास सुकते, पण मरत नाही. जमिनीत तिचा कंद झोपी जातो. त्याचा आकार नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात ती लांगली. कंदाच्या टोकाशी एक डोळा असतो आणि पुढच्या पावसात अंकुर तिथूनच फुटतो. ते टोक मोडलं की तो फाटा गेलाच. बियांपासून उगवलेल्या रोपाला फूल यायला तीन-चार पावसाळे तरी लागतात. म्हणजे कंद उपटणाऱ्याला दोन मिनिटं पुरतात, आणि वेलीला पुन्हा उभं राहायला तुमची पहिली ते चौथी!

उपटतात का? तिच्यात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. गाऊट नावाच्या सांधेदुखीवर ते औषध आहे. बिनबियांचं कलिंगड तयार करतानाही ते वापरतात. तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात. तिथलं ते राज्यफूलही आहे. पण जंगलातले कंदही खणले जातात. आपल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने ज्या ३२ वनस्पतींकडे आधी लक्ष द्यायचं ठरवलं, त्यांत कळलावी आहे.

गंमत म्हणजे, जगभरच्या जीवांची जी लाल यादी १९६४ पासून केली जाते, तिच्यात कळलावीच्या नावापुढे शेरा आहे, काळजीचं कारण सर्वांत कमी! तो खोटा नाही. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ती पसरली आहे. झिंबाब्वेचं तर ते राष्ट्रीय फूल. १९४७ साली तिथल्या शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे जमवून राजकन्या एलिझाबेथला या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रूच वाढदिवसाला दिला होता.

पण तो शेरा साऱ्या जगाचा हिशेब आहे, आमच्या पाळीचा नव्हे. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, तिथून रोप उपटून नेता येत नाही. पाळीला आणि धुऱ्याला असा पहारा कुठला? घराच्या भरावाला मुरूम हवा की टेकाड खणलं जातं. धुऱ्यावर तणनाशक मारलं जातं. आणि हे मुरूम खणणं चालतं उन्हाळ्यात, जेव्हा वेल वर दिसतच नाही. रिकामी जागा समजून खणणाऱ्याला तरी काय बोलणार?

म्हणून आमच्या चौथीच्या मुलांनी फुलांच्या दिवसांत पाळीचा नकाशा काढला. हात न लावता, वेल दिसली तिथे लाल ठिपका. एका मुलाचे वडील तो बघून शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, घरी बकऱ्या आहेत, लहान पोरगी आहे. हे विष मी कशाला ठेवू?" प्रश्न रास्तच होता. घरामागच्या धुऱ्यावरची वेल त्यांनी काढायची ठरवली. मीही हो म्हटलं. कंद फेकू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, एवढंच सांगितलं. तलावाच्या पलीकडच्या टोकाला, माणसं-बकऱ्या फिरकत नाहीत तिथे, आम्ही दोघांनी मिळून तो लावला. टोक शाबूत आहे. नकाशावर तिथे सध्या पेन्सिलीचा ठिपका आहे.