पैसे कार्डावर, काम पडद्यावर

घरी फोटो एडिट करण्यासाठी संगणक जुळवून घेताना मी सर्वांत जास्त पैसे ग्राफिक्स कार्डावर घातले आणि सर्वांत कमी मॉनिटरवर. दुकानात माझा एकच प्रश्न होता: "फोटोशॉप चालेल ना?" मी कोणत्या आकाराचे फोटो काढतो, ते छापतो की मोबाइलवरच पाहतो, हे मी सांगितलंच नाही. त्यामुळे मला गेम खेळणाऱ्यांसाठीचा संगणक मिळाला.

रॅम 8 जीबी घेतली. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा. असा एक फोटो 16 बिटमध्ये उघडला की मेमरीत साधारण 144 एमबी जागा घेतो, आणि त्यावर चढवलेला प्रत्येक पूर्ण लेयर तेवढीच भर घालतो. अनेक फोटो आणि त्यांवरचे लेयर एकदम उघडे असले की रॅम भरायची, संगणक हार्ड डिस्कचा आधार घ्यायचा आणि सगळं अडकायचं. महागडं कार्ड मात्र बहुतेक वेळ रिकामं बसलेलं. फोटोतला नॉइज काढण्यासारख्या मोजक्या कामांत ते खरोखर उपयोगी पडतं. रोजच्या कामात रॅम आणि एसएसडीचा फरक जास्त जाणवतो.

मॉनिटरची चूक मात्र सर्वांत महागात पडली. मी टीएन पॅनेलचा, 144 हर्ट्झचा मॉनिटर आणला. या पॅनेलवर मान थोडी वरखाली झाली तरी सावल्यांची गडदता बदलते. शिवाय तो खोक्यातून काढला तसाच, पूर्ण उजेडावर वापरला. पडदा झगझगीत, म्हणून प्रत्येक फोटो मला उजळ वाटायचा आणि मी तो उतरवत जायचो. मावसबहिणीच्या लग्नाचा अल्बम छापून आला तेव्हा चेहरे काळवंडलेले, हळदीचा पिवळा रंग मळकट आणि शालूची हिरवी छटा जवळजवळ काळी. मी लॅबवाल्यांशी भांडलो. त्यांनी शांतपणे माझी फाइल त्यांच्या पडद्यावर उघडली. ती तिथेही तितकीच काळपट होती. मावशीने अल्बम बघून काही म्हटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त खोलीतला प्रकाश परतवतो. म्हणून छपाईसाठी काम करताना पडद्याचा उजेड चौरस मीटरला 80 ते 120 कॅन्डेला ठेवतात. नवे मॉनिटर बहुधा याच्या दुपटीहून जास्त उजेडावर लावलेले येतात. आता माझ्याकडे एसआरजीबी या प्रमाण रंगपटातले जवळजवळ सगळे रंग दाखवणारा आयपीएस पॅनेलचा मॉनिटर आहे. पडद्याचे रंग मोजणारा कलरीमीटर लावून तो 6500 केल्विनवर जुळवतो आणि अधूनमधून पुन्हा तपासतो. खोलीतला पिवळा दिवाही बदलला, कारण त्या उजेडात डोळाच फसत होता.

शेवटची चूक भरून येण्यासारखी नाही. सगळे फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते. ती एक दिवस सुरूच झाली नाही. घरच्या गणपतीचे कित्येक वर्षांचे फोटो गेले; नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लहान प्रती तेवढ्या उरल्या. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 हा नियम मी त्यानंतर पाळू लागलो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर.

आज पुन्हा खरेदी करायची झाली तर माझा क्रम असा असेल: आधी मॉनिटर आणि कलरीमीटर, मग 32 जीबी रॅम, मग एसएसडी आणि बॅकअपची डिस्क, आणि उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड. तुमचा संगणक आधीच घेऊन झाला असेल तर लगेच काही विकू नका. मॉनिटरचा उजेड कमी करा, एक फोटो छापून आणा आणि दिवसाच्या प्रकाशात तो पडद्याशेजारी धरून बघा. आणि फोटोंची दुसरी प्रत आजच करून ठेवा.