काळे शर्ट

नेब्रास्कात मोठ्या लीगमधला अमेरिकन फुटबॉलचा संघ नाही, बेसबॉलचा नाही, बास्केटबॉलचाही नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचं. त्यामुळे लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधली शनिवारची मॅच ही अख्ख्या राज्याची घरची गोष्ट असते. १९६२च्या नोव्हेंबरपासून इथली प्रत्येक मॅच हाउसफुल्ल आहे, असा या लोकांचा अभिमान आहे. मधल्या वर्षांत संघानं किती मार खाल्लाय हे ठाऊक असेल, तर त्या अभिमानातला हट्टही कळतो. माणसं लाल कपडे घालून येतात, पाहुण्या संघाला टाळ्या वाजवून निरोप देतात (ही इथली जुनी रीत, आणि मला ती मनापासून आवडते) आणि गाडीपर्यंत पोचायच्या आत आपापसात भांडू लागतात. विषय बहुतेक वेळा एकच: आपली डी-लाइन.

डी-लाइन म्हणजे बचावाची पहिली फळी. हात जमिनीला टेकवून ओणवे बसणारे तीन किंवा चार जण, एकेक जण सव्वाशे ते दीडशे किलोंचा. चेंडू हलला की समोरच्या तितक्याच दांडग्या पाच जणांवर आदळायचं. या फळीमागे बाकीचे बचावपटू असतात. नेब्रास्कातल्या अकराही बचावपटूंना ‘ब्लॅकशर्ट्‌स’ म्हणतात. १९६४मध्ये नियम सैल झाले आणि चढाई व बचाव यांच्यासाठी वेगवेगळे खेळाडू उतरवता येऊ लागले. सरावात दोघांत फरक कळावा म्हणून बॉब डेव्हानी या प्रशिक्षकाच्या सहायकानं लिंकनमधल्या दुकानातून काळे शर्ट आणले. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं म्हणून स्वस्तात मिळाले, असं सांगतात. आज त्या शर्टासाठी पोरं रक्त आटवतात.

मी २००६ साली सिंचनाचं शिकायला इथं आलो आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या तळघरात भाड्यानं राहिलो. पुढच्याच वर्षी कॅन्ससनं आमच्यावर ७६ गुण लादले. त्या संध्याकाळी घरमालकांच्या दिवाणखान्यात हा वाद मी पहिल्यांदा साग्रसंगीत ऐकला. घरमालकांचं म्हणणं, पोरं मऊ झालीत. १९९०च्या दशकात ग्रँट विस्ट्रम आणि जेसन पीटर होते तेव्हा समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, रात्री झोपत नसे. त्यांचा जावई शाळेच्या संघाचा कोच. तो म्हणे, पोरांचा दोष नाही, त्यांना उभं कुठं करता ते बघा. आणि समोरच्या घरातल्या नर्सबाई, ज्यांना रात्रपाळीला जायचं होतं, त्या कोट चढवता चढवता म्हणाल्या, तुमची चढाई तीन डावांत चेंडू घालवून परत येते, बचावाच्या पोरांनी दम कधी खायचा? तिघांचंही बरोबर होतं, म्हणून तर वाद मिटला नाही. जो तो आपापल्या नोकरीत जे सोसत आला तेच मैदानावर बघत होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मॅच बघायला घरमालकांनीच शिकवलं. त्यांची जागा गोलखांबांच्या मागे होती. टीव्हीवर मैदान आडवं दिसतं आणि डोळा चेंडूमागे पळतो. खांबांमागून ते उभं दिसतं, आणि मग माणसांपेक्षा त्यांच्यामधल्या फटी दिसायला लागतात. “चेंडू बघू नकोस. मधल्या पोराचा पार्श्वभाग बघ,” ते म्हणाले (त्यांनी वापरलेला शब्द जरा अधिक रोखठोक होता). पाठ जमिनीला समांतर राहून पोरगं पुढे गेलं तर समोरच्याच्या छातीखाली शिरतं. तेच वीतभर उंच उठलं तर संपलं, दोन हात काखेत घुसतात आणि दीडशे किलोंचा गडी कपाट सरकवावं तसा बाजूला होतो. त्याच्या बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली. धक्का बसताना हेल्मेटांचा आवाज येतो तो ‘खाड’ असा नाही, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडल्यासारखा भरीव येतो.

मधल्या त्या पोराला नोज टॅकल म्हणतात. त्याचं काम फार विचित्र आहे. त्यानं दोघांना अंगावर घ्यायचं आणि अडकवून ठेवायचं, म्हणजे मागचा लाइनबॅकर मोकळा सुटतो आणि चेंडूवाल्याला लोळवतो. टाळ्या लाइनबॅकरला, आकडेवारीच्या कागदावर नाव लाइनबॅकरचं. नोज टॅकलच्या नावापुढे भोपळा. उत्तम खेळलेल्या दिवशीही भोपळा आणि भिकार खेळलेल्या दिवशीही भोपळाच.

हे मला लवकर उमगलं, कारण माझे वडील सांगलीकडच्या मैदानांवर कबड्डी खेळलेले, आणि तेही कोपऱ्यात नाही, साखळीत. घोटा धरतो तो कोपरा, फोटो त्याचा. पण चढाईवाला मध्यरेषेकडे उडी घेतो त्या क्षणी आडवी छाती घालणारा साखळीतला गडी वेळेवर पोचला नाही, तर कोपऱ्याच्या हातात नुसती चड्डीची नाडी राहते. वडील लिंकनला आले तेव्हा मी त्यांना मॅचला नेलं. नियम त्यांना कळले नाहीत, कळून घ्यायची इच्छाही नव्हती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये म्हणाले, “तो डाव्या अंगाचा पाय मागं घेतोय. आता तिथनंच जाणार बघ.” दोन डावांनंतर तिथूनच गेले. घरमालकांनी त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं.

या अनाम फळीत एकदाच एक असा आला, की लपणं त्याच्या नशिबातच नव्हतं. एन्डामुकाँग सू. २००९च्या डिसेंबरात बिग ट्वेल्व्ह या आमच्या तेव्हाच्या लीगच्या अंतिम लढतीत त्यानं टेक्ससच्या क्वार्टरबॅकला साडेचार वेळा आडवं केलं. घड्याळात एक सेकंद परत घातला गेला, टेक्ससनं गोल मारला आणि आम्ही १३-१२नं हरलो. त्या एका सेकंदावर घरमालक अजून कोर्टात जायला तयार आहेत. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात त्या हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात सू चौथा आला. बचावातल्या आडदांड माणसाला तिथवर कोण पोचू देतं? पण माझं स्पष्ट मत आहे की सूनं आम्हा प्रेक्षकांना बिघडवलं. त्यानंतर जो तो फळीत दुसरा सू शोधत बसला, आणि सापडला नाही की दोषी शोधायला लागला.

दोषी पुरवायला विस्कॉन्सिन होतंच. २०१२ची बिग टेनची, म्हणजे आमच्या नव्या लीगची, अंतिम लढत म्हणजे पानिपत. ७०-३१. त्यांनी नुसतं धावून ५३९ यार्ड काढले. वरचे दोन संघ बंदीमुळे अपात्र होते म्हणून विस्कॉन्सिन तिथं आलेलं, हे मीठ वेगळं. दोन वर्षांनी त्याच विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डननं एकट्यानं तीन क्वार्टरमध्ये ४०८ यार्ड धावून विक्रम केला. तो विक्रम आठवड्याभरात दुसऱ्यानं मोडला, तेवढंही समाधान आमच्याकडे राहू दिलं नाही. मग प्रशिक्षक गेला. पुढचा आला, तोही गेला. २०१७मध्ये चौघांची फळी तिघांची केली. चौघांच्या फळीत एकेकानं एकच फट राखायची म्हणून आणलेली, चपळ अंगाची पोरं आता दोन-दोन फटी राखू लागली. जावई त्या वर्षी घरात पाय आपटत फिरत होता: “सुताराला गवंडीकाम दिलंय!”

अलीकडे वादाचा सूर पालटला. २०१८पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलणं सोपं झालं, २०२१पासून स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. पूर्वी पश्चिम नेब्रास्कातलं एखादं शेतकऱ्याचं पोरगं शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरायचं, तीन-चार वर्षं खाऊन-उचलून अंग भरायचं आणि शेवटच्या वर्षी काळा शर्ट मिळवायचं. ते पोरगं अजूनही येतं, पण त्याची वाट बघायला कुणाला सवड नाही. आता चर्चा असते, दीडशे किलोंचा तयार माणूस कुठून आणायचा आणि केवढ्याला. पोरांना पैसे मिळतात ते योग्यच. इतकी वर्षं त्यांच्या जिवावर बाकी सगळ्यांनी कमावलं. पण ज्या कामाची नोंदच होत नाही, त्याचा भाव ठरवणार कसा, हा प्रश्न उरतोच.

२०२४ला फळी चांगली होती. टाय रॉबिन्सन आणि नॅश हटमाकर ही जाणती जोडी मध्यभागी, संघ बऱ्याच वर्षांनी जिंकलेल्या मॅचेस अधिक ठेवून बाहेर पडला. ते दोघं गेले, आणि २०२५च्या सप्टेंबरात मिशिगननं लिंकनमध्ये येऊन ३०-२७नं हरवलं. त्यांचा जस्टिस हेन्स एका धावेत ७५ यार्ड गेला. माझी मुलगी, जी इथंच जन्मली आणि आमच्यापेक्षा आकड्यांत पक्की आहे, तिनं तो डाव थांबवून थांबवून दाखवला: फळीतला एक गडी आपल्या फटीतून शेजाऱ्याच्या फटीत गेला होता, चेंडू पकडायच्या हौसेनं. “बाबा, त्याला कागदावर नाव पाहिजे होतं,” ती म्हणाली. घरमालक आता काठी घेऊन चालतात, पण वादाला येतात. त्यांचं मत पडलं की पोरगा निर्ढावलेला आहे. तिचं मत पडलं की नवखा आहे. जावयानं रचनेकडे बोट दाखवलं. नर्सबाई निवृत्त झाल्यात, तरी त्यांचा दम खाण्याचा मुद्दा कायम आहे.

तेवढ्यात सांगलीहून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. मुलीनं फोन टीव्हीसमोर धरून तीच धाव त्यांना दाखवली. वडील म्हणाले, “वजनाचं काय घेऊन बसलाय? पाय बघून माणूस घ्या म्हणावं त्यांना. आमच्यात पंच्याऐंशी किलोच्या वरचा गडी उतरवतच नाहीत.” मी ते भाषांतर करून सांगितलं. घरमालकांनी क्षणभर हिशेब केला, पंच्याऐंशी किलो म्हणजे किती पाउंड, आणि म्हणाले, “त्यांना विचार, किक मारता येते का.”