शेजारच्या गावाशी सामना

आमच्या शाळेच्या कबड्डी संघातला एक मुलगा मला म्हणाला, "सर, माझा मामेभाऊ किनवटच्या शाळेतून खेळतो. आमची-त्यांची मॅच कधी?" प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर थेट १९५६ पर्यंत जाते.

किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हा आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. किनवट, राजुरा मुंबई राज्यातल्या नांदेड जिल्ह्यात. पुढे १९५९ मध्ये राजुरा चांद्याला जोडले गेले. सोयरीक तुटली नाही, रेल्वेही तीच. शालेय स्पर्धांची वाट मात्र वेगळी झाली. आमची मुले मंडलातून जिल्ह्याला आणि तिथून राज्याला जातात. किनवटची मुले तालुका, नांदेड जिल्हा, लातूर विभाग अशी चढतात. राष्ट्रीय पातळीवर राज्याचा निवडक संघ उतरतो, शाळेचा नव्हे. म्हणजे या दोन शाळांची अधिकृत गाठ कधीच नाही! ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मल, मंचेरियल आणि आसिफाबादही वेगळे झाले.

मोठ्या पैशाच्या खेळातही हेच घडते. अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ, गटागटांत खेळला जातो. मोसमात साधारण १२ सामने, त्यांतले आठ-नऊ आपल्याच गटातल्यांशी. बाकीचे कित्येक वर्षे आधी ठरलेले. दूरदर्शनच्या पैशासाठी विद्यापीठे गट बदलतात आणि वेळापत्रक विस्कटते. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट ही एकाच राज्यातली विद्यापीठे १९१० पासून दरवर्षी खेळत. २०२४ मध्ये पहिल्याने गट बदलला आणि २०२३ चा सामना तूर्त शेवटचा ठरला. उलट टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा २०११ नंतर थांबलेला सामना २०२४ मध्ये दोघे एका गटात येताच पुन्हा सुरू झाला.

आपल्या दोन गावांना एका गटात कोण आणणार? मैत्रीचा सामना ठरवावा, तर सुट्ट्या जुळत नाहीत. बतुकम्मा-दसऱ्याला आमची मोठी सुटी, तेव्हा तिकडे शाळा चालू. दिवाळीत ती मुले मोकळी, तर आमच्याकडे वर्ग भरलेले. शिल्लक राहतो रविवार, तोही दहावीच्या परीक्षेची घाई सुरू होण्याआधीचा.

म्हणून माझे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुख्याध्यापक बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे की, जून महिन्यात शाळेचे वार्षिक नियोजन करताना संक्रांतीनंतरचा एक रविवार आधीच राखून ठेवावा. एक वर्ष सामना इकडे, एक वर्ष तिकडे. ढाल नसली तरी चालेल, दोन्हीकडच्या मुलांना जेवण घरचे मिळावे. पहिल्या वर्षीचे यजमानपण आमच्या शाळेकडे.